किल्ली उद्या मिळेल

सावद्याला मी ज्यांच्या घरात भाड्यानं राहत होते, ते आबा आपल्या रिव्हॉल्व्हरला सायकलचं कुलूप लावून ठेवायचे आणि त्या कुलपाची किल्ली माझ्याकडे असायची. हे मी ज्याला ज्याला सांगितलं, त्यानं आधी माझ्याकडे निरखून पाहिलंय. बाई थट्टा करतेय की हिचं डोकं फिरलंय? माझी त्यांच्याबद्दल तक्रार नाही. मला स्वतःला तरी त्यातलं काय कळत होतं! आधी काहीच कळलं नाही, मग थोडं कळलं, आणि त्यानंतर जो गोंधळ झाला तो अजून निस्तरलेला नाही.

मी मूळची दोंडाईच्याची. मिरची आणि कापूस यापलीकडचं शेत मी पाहिलेलं नव्हतं. ऐंशीच्या दशकात सावद्याच्या शाळेत मराठी शिकवायला आले तेव्हा चहूकडे केळीच केळी पाहून मला दडपल्यासारखं झालं होतं. त्यात बोलीही निराळी. आमच्या घरी अहिराणी, 'आहे'ला 'शे' आणि 'सगळा'ला 'बठ्ठा'; इथं 'आहे'ला 'हाये', 'का'ला 'काऊन' आणि 'ळ'च्या जागी बरेचदा 'य'. पहिले काही महिने मी वर्गात शिकवायची कमी आणि ऐकायची जास्त.

आबांची आणि माझी पहिली गाठ भांडणातच पडली म्हणायची. त्यांची पुतणी, बेबी, माझ्या वर्गात होती. एका दुपारी पांढरा शर्ट, पांढरा पायजमा, टोपी, आणि त्या सगळ्यावर केळीच्या चिकाचे न जाणारे तपकिरी डाग, असा एक उंच माणूस वर्गाच्या दारात उभा राहिला. म्हणाला, "बाई, पोरीले घरी न्यायचं हाये. पाव्हने आलेत."

मी म्हटलं, "तास संपल्यावर न्या."

"पाव्हने लांबून आलेत."

"तास संपल्यावर."

"मी तिचा मोठा बाबा हाये."

"असाल. तास संपल्यावर."

वर्ग श्वास रोखून बसला होता. गावातली मोठी असामी, आणि ही कालची आलेली पोरगी त्यांना परत पाठवतेय! आबा मात्र माझ्याकडे टक लावून पाहत राहिले आणि पेढा मिळाल्यासारखे खूश होऊन निघून गेले. आठवडाभरात निरोप आला की आमच्या घरची पुढची खोली रिकामी आहे, बाईंना राहायला पाठवा. मला वाटलं, शिक्षकांबद्दल आदर! कसला आदर, माझी निवड झाली होती.

राहायला गेले त्याच दिवशी आबांनी लोखंडी कपाट उघडून दाखवलं. आत कपडे टांगायच्या दांडीला निळ्या प्लास्टिकचं वायरचं कुलूप अडकवलेलं, आणि त्या वायरीत ओवलेलं रिव्हॉल्व्हर. मी मागं सरकले.

"घाबरू नका," आबा म्हणाले. "हे पाहा, गोया भरायचं चाक बाजूले काढलं. जिथं चाक बसते त्या खिडकीतून वायर घातली. आता चाक बसत नही. चाक बसत नही तं बार निघत नही. गोया दुसऱ्या डब्यात, डबा दुसऱ्या कुलपात."

"आणि चोर आला तर?"

"चोर आला तं त्याले म्हनू, बस, च्या पी."

असं म्हणून त्यांनी ती इवलीशी किल्ली माझ्या हातावर ठेवली. मी म्हटलं, अहो, हे काय! आक्कांकडे द्या, तुमच्या मिसेस आहेत, इतक्या वर्षांचा संसार आहे. ते म्हणाले, "ती मले नही म्हनू शकत नही. घरात कोनीच म्हनू शकत नही. तुमी म्हनू शकता. मी पाह्यलं."

मग नियम सांगितला. त्यांनी किल्ली मागितली की मी आधी विचारायचं, जेवले का. आणि ते जेवलेले असोत नाही तर उपाशी असोत, सांगायचं, उद्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा मागितली तर द्यायची. बस्स, एवढंच. मला वाटलं, माणूस जरा सरकलेला आहे, पण खोली हवेशीर आहे आणि विहिरीचं पाणी गोड आहे. घेतली किल्ली.

गावाला ही गोष्ट माहीत होती आणि गाव पोट धरून हसत होतं. गंमत म्हणजे आबांकडे सायकलच नव्हती. ते सगळीकडे पायी जायचे. कुलूप घेताना दुकानदारानं विचारलं होतं म्हणे, कोणत्या सायकलला हवं, तर आबा म्हणाले होते, जी चालायले नको तिले. आक्का तर रोज नव्यानं चिडायच्या. "लोकायच्या घरी बंदूक मिरवते, आमच्या घरी गळफास लावून टांगली." मग माझ्याकडे वळून, "आन् किल्ली भाडेकरनीकडे!" त्यांचा हा राग खरा होता आणि मला तो रास्तच वाटायचा. त्यांनी मला वाटीभर भरीत आणून दिलं तरी वाटी जरा आपटूनच ठेवायच्या.

आबांची एक सवय म्हणजे कोणाशीही काहीही बोलायच्या आधी विचारायचं, "जेवले का?" पोस्टमन असो, केळीचा व्यापारी असो, मुख्याध्यापक असोत. समोरचा नाही म्हणाला की कामाचं बोलणं बंद. एकदा केळीचा सौदा अर्ध्यावर सोडून त्यांनी व्यापाऱ्याला पानावर बसवलं होतं. मी विचारलं तर म्हणाले, "उपाशी मानसाचं खरं नही, बाई. तो काय करीन त्याचं त्यालेच माहीत नसते."

दुसरी सवय माझ्या जिवावर उठलेली. परीक्षा! हो, माझी. मी वह्या तपासत बसलेली असायची आणि आबा धावत यायचे, "बाई, किल्ली! बागात डुकरं घुसली!" मी गडबडून उठायची, मग आठवायचं. "जेवलात का?" "आता कुठलं जेवन!" "मग उद्या." की लगेच चेहरा बदलायचा. "पास," असं म्हणून टोपी नीट करत निघून जायचे. कधी रडवेले व्हायचे, कधी ओरडायचे, एकदा तर मला भाडेकरू म्हणून घराबाहेर काढायची धमकी दिली. मी "उद्या" म्हटल्यावर आत जाऊन आक्कांना म्हणाले, बाईले च्या टाक. एकदा मात्र मी फसले. आक्कांना चक्कर आली आणि आबा दारात येऊन हळूच म्हणाले, "बाई, तेवढी किल्ली," आणि मी त्या गडबडीत दिली. त्यांनी ती घेतली नाही. माझ्याकडे असं पाहिलं की मला वर्गात मुलांना काय वाटत असेल ते समजलं. "नापास," म्हणाले, आणि दिवसभर बोलले नाहीत.

मी वैतागायची. हे काय खूळ आहे, हे खरं केव्हा आणि खोटं केव्हा, मी कसं ओळखायचं? विचारलं तर म्हणायचे, "तुमी ओयखायचंच नही. तुमचं काम फकस्त उद्या म्हनायचं."

निवडणूक आली की लायसन्सवाल्या सगळ्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागत. एका निवडणुकीला आबांनी कपाटाच्या दांडीवरून वायर सोडवायला माझ्याकडून एक दिवस आधी किल्ली मागितली, म्हणजे दुसऱ्या दिवशी मिळेल. रीतसर. मग पुन्हा वायर घालून, कुलूप लावून, किल्ली मला परत देऊन ते रिव्हॉल्व्हर ठाण्यात नेलं. तिथले जमादार म्हणाले, हे कुलूप काढा. आबा म्हणाले, किल्ली बाईंकडे. मग एक शिपाई सायकलवरून शाळेत, भर तासाला, माझ्या वर्गाच्या दारात. "बाई, आबांच्या बंदुकीची किल्ली द्या." पोरं खिदळायला लागली. आणि माझ्या तोंडून काय निघावं? "जेवलात का?" तो बिचारा म्हणाला, नाही. मी म्हटलं, "मग उद्या या." शिपाई सायकल वळवून तसाच परत गेला. शेवटी ते रिव्हॉल्व्हर तसंच, निळ्या कुलपासकट, चिठ्ठी बांधून जमा झालं. दसऱ्यालाही ते तसंच पूजेला असायचं. विळे, कोयते, फावडी, आणि मध्ये हे. आबा कुंकू आधी कुलपाला लावायचे, मग बंदुकीला.

माझी आई एकदा चार दिवस राहायला आली होती. हा प्रकार पाहून तिनं कपाळावर हात मारला. "हाई काय शे वं माय? बठ्ठं गाव हासई तुले." मी म्हटलं, हसू दे. पण मनात तेच होतं, हे काय आहे?

आता नानांबद्दल सांगायला हवं. नाना म्हणजे आबांचे धाकटे भाऊ, बेबीचे वडील. शेजारच्याच घरात राहायचे. दोघांचे केळीचे बाग एकमेकांना लागून, विहीर सामाईक, एक दिवस याच्या पाण्याची पाळी, एक दिवस त्याच्या. नाना गडगडाटी हसणारे, मोठ्यानं बोलणारे. आबांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे बेबी वाढली ती निम्मी आबांच्याच मांडीवर. दोघा भावांत मी एकदाही वरचा शब्द ऐकला नाही. फक्त एक गोष्ट मला खटकायची. कुठंही निघाले की आबा नानांच्या पुढं चालायचे. बागेत, बाजारात, स्मशानातसुद्धा. नाना गंमत करायचे, "मोठा हाये ना, मान पाह्यजे त्याले." मला वाटायचं, असेल बाई, मानच असेल.

बेबीचं लग्न ठरलं. धुळ्याचं स्थळ, मुलगा चांगला. घरात वर्षभर पुरेल एवढा आनंद. या घराण्यात एक रीत होती. नवरदेव मांडवाच्या दारात आला की मुलीकडच्या थोरल्यानं हवेत एक बार काढायचा. आबांच्या वडिलांनी रिव्हॉल्व्हर घेतलं तेव्हापासूनची रीत. बार झाला नाही तर वरात दारातच थांबायची. नाना महिनाभर आधीपासून म्हणत होते, "आबा, बार तू काढायचा." आबा नुसती मान हलवायचे. ती होकाराची की नकाराची, कोणाला सांगता येत नव्हतं. मला वाटलं, एक दिवस आधी येतील, किल्ली मागतील, दुसऱ्या दिवशी मी देईन. पण ते आले नाहीत.

लग्नाच्या दिवशी मे महिन्याचं ऊन, मांडवात वरण-बट्टीचा वास, आणि वाजंत्री दारात आलेली. नवरदेव घोड्यावर घामानं निथळतोय. आणि बार नाही. कुजबुज सुरू झाली. नाना गर्दीतून आबांपाशी आले, डोक्यावरचा फेटा काढला आणि सगळ्यांसमोर भावाच्या पायाशी ठेवला.

"आबा, माह्या पोरीचं लगन हाये. तुह्या पोरीचं हाये. एक बार काढ. मी समोर उभा राहतो, पाह्य."

आबांनी फेटा उचलला, नानांच्या डोक्यावर ठेवला, आणि वळले. माझ्याकडे. सगळा मांडव त्यांच्यामागून माझ्याकडे. मी बायकांच्या गर्दीत, नवी साडी, हातात अक्षता.

"बाई, द्या किल्ली," आबा म्हणाले.

देवा! त्या क्षणी माझं काय झालं, कसं सांगू? ही परीक्षा आहे का? लग्नात, वरात दारात असताना कोणी परीक्षा घेतं का? की हे खरं आहे? आवाज तर अगदी साधा होता. डुकरं घुसल्यावर तो जसा चढायचा, तसा नव्हता. बेबी आतून पाहत होती, डोळे भरलेले. किल्ली माझ्या कमरेलाच खोचलेली होती. आक्का म्हणाल्या, "द्या वं बाई!" पहिल्यांदाच त्या मला विनवत होत्या.

मी विचारलं, "आबा, जेवलात का?"

"नही."

"मग उद्या."

मांडव हादरला म्हणतात तसं झालं. कोणी हसलं, कोणी शिवी हासडली. नाना माझ्याकडे पाहत होते आणि ती नजर रागाची होती असं मला तेव्हा वाटलं. शेवटी कोणीतरी फटाक्याची माळ लावली, नवरदेव आत आला, लग्न लागलं. मी माझ्या खोलीत जाऊन दार लावून रडले. भाडेकरीण बाईनं लग्नात विघ्न आणलं, एवढंच गावाला दिसलं. नाना त्यानंतर माझ्याशी बोलले नाहीत, आणि आबांशीही जेवढ्यास तेवढं.

सकाळी मी किल्ली घेऊन आबांच्या ओसरीवर गेले. म्हटलं, "घ्या, उद्या झाला." ते आरामखुर्चीत बसले होते.

"आता कशाले?" ते म्हणाले. "नानाले मी नही म्हनू शकलो नही. फेटा पायाशी ठेवला त्यानं. म्हनून तुमच्याकडे आलो."

"अहो पण एक बार हवेत काढला असता तर काय बिघडलं असतं?" मी ओरडलेच. "मला सांगा आता, नाही तर मी आजच खोली सोडते."

आणि मग त्यांनी सांगितलं. मी येण्याच्या आदल्या वर्षीचं.

"घड चोरीले जायचे म्हनून मी ते कमरेले लावून फिरायचो. त्या दिवशी सकायपासून पोटात अन्न नही. मोटारीले लाईन नव्हती. लाईन आली तं पानी नानाच्या बागात चालू. पाळी माही. मी बोललो, तो हासला. तुमाले माहीत हाये तो कसा हासते. फावडं खांद्यावर टाकलं आन् चालायले लागला. पुढे तो, मांगे मी. दोन्ही बाजूनं केयी. मी काढलं, त्याच्या पाठीवर धरलं आन् दाबलं."

"मग?" मी विचारलं.

"खट् झालं. फकस्त खट्. गोई बाबाच्या काळची, सरदलेली. नाना मांगे वयलाही नही. म्हने, काय मोडलं रे आबा? मी म्हतलं, काही नही, काडी मोडली."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कुलूप आणलं. विकून का टाकलं नाही, मी विचारलं. "विकलं तं नाना विचारीन, बाबाची निशानी काऊन विकली. आन् विकलं तं दुसऱ्याच्या घरी जाईन. तिथं कुलूप कोन लावते?" मग म्हणाले, "काल नाना समोर उभा राहतो म्हने. ते हातात आलं की मले त्याची पाठ दिसते, बाई. त्या दिवशी मले उद्या म्हननारं कोनी नव्हतं."

कोणाला सांगू नका असं ते म्हणाले नाहीत. म्हणायची गरज नव्हती. मी ते पोटात ठेवलं. आपण योग्य केलं म्हणून काही दिवस ताठ मानेनं वावरले, खोटं कशाला सांगू.

नव्वदनंतर माझी धुळ्याला बदली झाली. आबा गेले ते मी तिकडे असतानाच. आक्कांनी रिव्हॉल्व्हर कुलपासकट ठाण्यात जमा करून टाकलं, किल्ली मागायला कोणी आलंच नाही. ती माझ्या देवघरातल्या डबीत राहिली.

आणि एका दुपारी नाना माझ्या दारात उभे! बेबी धुळ्यातच दिलेली, तिच्याकडे आले होते. थकलेले, हसणं ओसरलेलं. खुर्चीवर बसले आणि पाणी प्यायच्या आधीच म्हणाले, "बाई, आता आबा नही. खरं सांगा. कुलूप काऊन लावलं व्हतं, ते त्यानं तुमाले सांगतलं व्हतं ना?"

सांगावं तर मेलेल्या भावाच्या हातून या जिवंत माणसावर गोळी झाडल्यासारखं होणार. न सांगावं तर आबा कायमचे विक्षिप्त, आडमुठे, पुतणीच्या लग्नात आडवे आलेले. माझ्या तोंडून तेच आलं.

"नाना, जेवलात का?"

"नही. पोरीकडे जाऊन जेवीन."

"मग उद्या."

नाना उठून गेले. मी रात्रभर काय सांगायचं ते जुळवत राहिले आणि काही जुळलं नाही. दुसऱ्या दिवशी ते खरंच आले, त्याच खुर्चीत बसले.

"जेवून आलो," म्हणाले. "आता तुमी नका सांगू, मीच सांगतो. एक डाव आमी बागातून चाललो व्हतो. मांगे खट् झालं. मी म्हतलं काय मोडलं, तं आबा म्हने काडी मोडली. बाई, तुमी मिरचीकडच्या. केयीच्या बागात काडी कुठून येईन? केयीले लाकूड असते का? पानं फाटते, खांब चिरते. खट् असं काहीच मोडत नही तिथं."

मला एवढी वर्षं हे सुचलं नव्हतं.

"तुम्हाला तेव्हाच कळलं?"

"तेव्हाच. मांगे वयलो नही. वयलो असतो तं त्याले माह्याकडे पाहावं लागलं असतं. दुसऱ्या दिवशी त्यानं कुलूप आनलं, मी काही बोललो नही. तो माह्या पुढे चालायले लागला, मी मांगे चाललो."

"मग लग्नात?" मी विचारलं. "बार काढ, मी समोर उभा राहतो, असं का म्हणालात?"

"म्हनूनच तं," नाना म्हणाले. "एक डाव त्यानं ते माह्यासमोर हातात घेतलं असतं, हवेत काढलं असतं, आन् मी उभाच राहलो असतो, तं सुटला असता तो. माहा भाऊ आतल्या आत मरू राहला व्हता, बाई. मले त्याले मोकयं करायचं व्हतं."

कोण बरोबर होतं, आबा, नाना की मी, हे मी तेव्हापासून पुष्कळदा मांडून पाहिलंय. दर वेळी उत्तर वेगळं येतं. ते दोघे भाऊ एकमेकांना जपत राहिले आणि मध्ये मी, कमरेला किल्ली खोचून. लग्नाच्या दुपारी मी दिली असती तर? त्या दुपारी मी दिली असती आणि...? छे.

नाना उठले. त्यांनी माझ्यापुढे हात पसरला. त्यांच्याही बाहीवर चिकाचे डाग होते.

"आता द्या ती किल्ली," म्हणाले.

मी देवघरातून डबी आणली, किल्ली काढली आणि त्यांच्या हातावर ठेवली. उद्या म्हटलं नाही.